वीरप्पाच्या पोटाची हक्कसोड

दोन उन्हाळ्यांपूर्वी येरमाळ्यात बातमी फिरली, की वीरप्पा पेंडवाला वयाच्या बावन्नाव्या वर्षी बेंबळीच्या जन्मघराकडं जमिनीचा हिस्सा मागायला निघालाय. लहानपणी दत्तक आलेला माणूस, इथलं घरदार, दुकान, गोदाम सगळं त्याच्या नावावर, आणि आता तिकडंही हात घालतोय, असं लोक टपरीवर बोलायला लागले. एकानं तर त्याला कळंबच्या कोर्टाच्या आवारात स्टँपपेपर घेताना डोळ्यानं पाहिलं होतं.

पाहणाऱ्यानं खोटं सांगितलं नव्हतं. स्टँपपेपर घेतला होता, वकील गाठला होता, प्रकरणही बेंबळीचंच होतं. फक्त वीरप्पा हिस्सा मागत नव्हता. जन्मघरानंच त्याला एक हिस्सा न मागता देऊ केला होता, आणि तो आपल्याला नको, असं लिहून द्यायला तो कळंबला गेला होता. हिस्सा होता मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचा.

मला हे सगळं पक्कं ठाऊक, कारण त्याला कळंबला माझ्याच मोटारसायकलवर मी नेलं होतं. त्याच्या पेंडीच्या दुकानाला लागून माझं झेरॉक्सचं दुकान आहे. मधली भिंत इतकी पातळ, की तिकडं सरकीचं पोतं आपटलं तर इकडं माझा कागद हलतो. त्यामुळं वीरप्पाविषयी मला जे माहीत आहे त्यातलं निम्मं मी विचारलेलंसुद्धा नाही.

वीरप्पा मूळचा बेंबळीचा. तिथल्या घरात तीन पोरं आणि एक पोरगी. इकडं येरमाळ्यात महांतप्पा आणि शांतम्मा यांच्या घरात पाळणा हलला नव्हता. वीरप्पा नऊ वर्षांचा असताना महांतप्पांनी त्याला दत्तक घेतलं. स्वामी आले, मांडीवर बसवणं झालं, कागद नोंदला, पंगत उठली. त्या दिवसापासून वीरप्पानं जितक्या इमानानं दत्तकपण केलं तितक्या इमानानं लोक सरकारी नोकरीसुद्धा करत नाहीत. बेंबळीला गेला की पाहुण्यासारखा बाहेरच्या बाजेवर बसायचा. तहान लागली तरी कुणी विचारेपर्यंत पाणी मागायचा नाही. जन्म दिलेल्या बापाला तो 'बेंबळीचे काका' म्हणायचा. ते काका पन्नाशीतच पोटाच्या आजारानं गेले, तेव्हा वीरप्पा मातीला जाऊन आला आणि शेजाऱ्याच्या घरचं काही झाल्यासारखं म्हणाला, "वाईट झालं. माणूस चांगला होता."

इकडं महांतप्पांना साखरेचा आजार. ते त्यातच गेले. त्या दिवशी वीरप्पानं चहातली साखर बंद केली. "आमच्या घराण्यात साखर हाय, जपून ऱ्हावं लागतं," असं तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा. पुरणपोळी बंद, आमरस बंद, लग्नातली जिलेबी तर तो पत्रावळीच्या बाहेर ठेवायचा. वर्षातून एकदा रक्त तपासून यायचा. साखर नेहमी ठीक निघायची.

"बघ," मला कागद दाखवायचा, "पथ्यानं कशी आटोक्यात ठेवलीय."

मी म्हणायचो, "अरं, महांतप्पांचं रक्त तुझ्यात आलंच कुठून? मांडीवर बसल्यानं साखर लागत असती तर बसमधल्या सगळ्यांना लागली असती."

तो म्हणायचा, "तुला कागदातलं कळत न्हाय. तू निस्ती झेरॉक्स काढ."

आता गंमत अशी, की ज्या आजाराचा त्याच्याशी संबंध नव्हता त्याचं पथ्य तो पंचवीस वर्षं पाळत होता, आणि ज्याचा संबंध होता तो दुकानाच्या मागच्या बाजूला रोज हजेरी लावत होता. आठ-दहा वर्षांपासून वीरप्पाचं पोट बिघडलेलं. गिऱ्हाईक समोर उभं, काट्यावर अर्धं पोतं चढलेलं, आणि हा एकदम "आलोच" म्हणून मागं पळायचा. पेंड मी मोजून द्यायचो. आव पडायची, कधी रक्त पडायचं. महिनाभर बरं, मग परत सुरू. विचारलं की एकच उत्तर, "उष्णता." त्यावर ताक, सब्जा, बेलाचं चूर्ण. कळंबच्या डॉक्टरांनी एकदा नीट विचारलं होतं, घरात कुणाला पोटाचं काही दुखणं आहे का. वीरप्पानं छातीवर हात ठेवून सांगितलं, "कुणाला न्हाय. वडलांना साखर, आईला गुडघे." डॉक्टरांनी तसं लिहून घेतलं. आतून दुर्बीण घालून बघा, असंही सांगितलं होतं. वीरप्पा म्हणाला, एवढ्याशा उष्णतेला दुर्बीण कशाला.

मग उमादेवीचं झालं. उमादेवी ही त्याची जन्मघरची धाकटी बहीण, ढोकीला दिलेली. तिला सोलापूरला नेलं, मोठ्या आतड्यात गाठ निघाली, ऑपरेशन झालं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी घराची सगळी कुंडली काढली. बाप पन्नाशीत गेलेला, बापाची बहीण तशीच गेलेली. रक्त तपासलं, तर आई-बापाकडून येणारा एक दोष सापडला. बाई म्हणाल्या, सख्ख्या भावंडांनी सगळ्यांनी तपासून घ्या. बेंबळीच्या दोघा भावांनी लगेच तपासलं. दोघंही सुटले.

उमादेवीनं वीरप्पाला फोन केला. फोन त्यानं स्पीकरवर ठेवला होता, म्हणजे मी भिंतीला कान लावला होता असं कुणी म्हणू नये.

"आण्णा, तुला बी तपासावं लागतंय."

"मला कशाला? म्या दत्तक गेलोय."

"रक्ताचं हाय ते."

"उमा, त्या घरचा म्या एक गुंठा घेतला न्हाय. आजार कसा घेऊ? आन ते दोघं त्या घरात ऱ्हाऊन सुटले, मग घर सोडून आलेल्याला कसा लागंल?"

मग उमादेवी म्हणाली, "तुझ्या पोटाचं कसं हाय?"

"उष्णता हाय," वीरप्पा म्हणाला आणि फोन ठेवून मागं पळाला.

दुसऱ्या दिवशी तो दत्तकपत्र घेऊन माझ्याकडं आला. म्हणाला, याला प्लॅस्टिक चढव. मी चढवलं. मग म्हणाला, कळंबला चल.

श्रीमंतराव वकील कोर्टासमोरच्या लिंबाखाली टेबल टाकून बसतात. त्यांनी दत्तकपत्र उलटंपालटं करून पाहिलं आणि म्हणाले, "एकदम पक्कं आहे. कुणी आव्हान दिलंय का?"

"बहिणीनं," वीरप्पा म्हणाला.

"जमीन?"

"कॅन्सर."

श्रीमंतरावांनी चष्मा काढून पुसला. चाळीस वर्षांच्या वकिलीत त्यांच्याकडं बांधाचं आलं होतं, विहिरीच्या पाळीचं आलं होतं, एकदा तर एका बैलाच्या शिंगाचं आलं होतं. हे नवीन होतं. पण आलेलं गिऱ्हाईक परत पाठवायचं नाही, हा त्यांचा नेम. म्हणाले, "तुमचं म्हणणं काय?"

"बहिणी भावाला शेताची हक्कसोड लिहून देतात का न्हाय? आमच्या उमानं भावांना तशी दिलीय. तशी मला या आजाराची लिहून द्यायचीय. माझा त्यावर हक्क न्हाय, सांगणं न्हाय, पुढं माझ्या पोरीचाबी न्हाय."

पोरगी म्हणजे शिवप्रिया. ती लातूरला शिकते. तिचं नाव काढताना वीरप्पाचा आवाज जरा खाली आला, आणि मला पहिल्यांदा वाटलं की हा गडी वेडा नाही, घाबरलाय.

श्रीमंतरावांनी लिहायला घेतलं. 'लिहून देणार वीरप्पा महांतप्पा' इथपर्यंत झकास आलं. मग पेन थांबलं. "हक्कसोड कुणाच्या लाभात करायची? हक्क सोडला की तो कुणाच्या तरी पदरात पडावा लागतो. मोकळा सोडता येत नाही."

वीरप्पानं माझ्याकडं बघितलं. मी म्हणालो, "माझ्याकडं बघू नको, माझं नाव टाकशील."

"आणि दुसरं," वकील म्हणाले, "दत्तक गेलं की जन्मघरचे सगळे संबंध तुटतात हे खरं. पण लग्नाच्या बाबतीत कायदा रक्त सोडत नाही. जन्मघरच्या नात्यात जे लग्न आधी चाललं नसतं ते दत्तक गेल्यावरही चालत नाही."

येताना वाटेत मी त्याला म्हणालो, "वीरप्पा, कायद्यालाबी माहीत हाय तुझ्यात कुणाचं रक्त हाय. आतड्याला ठाऊक नसंल व्हय?" त्यानं मागून माझ्या पाठीत गुद्दा मारला, पण हळू.

अर्धा लिहिलेला स्टँपपेपर दुकानात देव्हाऱ्याखाली ठेवला गेला. लाभात कुणाचं नाव घालावं ते काही सुचेना. चार-पाच दिवसांनी उमादेवी स्वतःच येरमाळ्यात उतरली. ऑपरेशननंतर इतकी वाळली होती की आधी मी ओळखलंच नाही. गळ्यातला लिंगाचा दोरा सैल लोंबत होता, चालताना पोटावर हात होता. वीरप्पाची बायको, आमच्या वहिनी, तिला हाताला धरून घरात घेऊन गेल्या. मी दुधाची पिशवी द्यायचं निमित्त करून मागोमाग गेलो. दूध माझ्याच घरचं होतं, पण त्या वेळी दुसरं काही हाताला लागलं नाही.

शांतम्मा, म्हणजे वीरप्पाची अव्वा, दत्तक आई, खाटेवर शेंगा फोडत बसल्या होत्या. वय चौऱ्याऐंशी. कानानं कमी ऐकू येतं, पण कुठलं ऐकायचं ते त्या ठरवतात.

उमादेवी पाणी प्याली आणि म्हणाली, "आण्णा, वकिलाकडं गेलतास म्हणं."

वीरप्पा माझ्याकडं बघायला लागला. मी दुधाकडं बघायला लागलो.

"कागद आण," उमादेवी म्हणाली. "माझं नाव घाल लाभात. शेताची हक्कसोड म्या भावांना दिली, आता आजाराची तू मला दे. मला तर आधीच हाय. दोन वाटे आले तर काय बिघडलं. कागदानं तुझं सुटत असंल तर म्या कुठंबी अंगठा लावते, सहीसुदा येती मला."

ती चिडून नव्हती बोलत. अगदी मनापासून बोलत होती, हेच वाईट होतं. वीरप्पा कागद आणायला उठला आणि दारातच उभा राहिला. पुढंही जाईना, मागंही येईना. चौकटीला पाठ लावून तिथंच खाली बसला.

"उमा," तो म्हणाला, "म्या बेंबळीचा हाय म्हणलं तर अव्वा कोण माझी? नऊ वर्षाचा आलो तवापासून हिच्या हातचं खाल्लं. आता सोलापूरच्या कागदावर लिहायचं की आईबाप दुसरेच?"

एवढा मोठा बाप्या, दोन पोती एकाच वेळी खांद्यावर घेणारा, आणि अडलं होतं इथं. दुर्बिणीचं भय होतंच, पण हे त्याच्याही आत होतं.

अव्वांनी शेंग फोडली, दाणे सुपात टाकले. "काय म्हणतोय त्यो?" त्यांनी वहिनींना विचारलं. वहिनींनी कानाशी जाऊन सगळं सांगितलं. अव्वांनी सगळं ऐकून घेतलं आणि वीरप्पाकडं असं बघितलं, जसं दुकानात हलकं माप टाकणाऱ्याकडं बघतात.

"तुला आणायच्या आधी म्या बेंबळीला दोनदा जाऊन आलते," त्या म्हणाल्या. "बैल आणताना दात बघतेत. म्या तुझ्या आज्याचं विचारलं. तुझा आज्जा पोटानंच गेलता. तुझ्या आईनं लपवलं न्हाय, समदं सांगितलं. सासऱ्यांनी म्हणलं, दुसऱ्या घरचं पोरगं बघू. म्या म्हणलं, हेच पायजे."

"माहीत हुतं तुला?" वीरप्पा म्हणाला.

"पोरगं घेतलं म्हणजे समदं घेतलं. नाक घेतलं, कान घेतलं, तुझं ते रात्रीचं बडबडणं घेतलं. पोट तेवढं बेंबळीला ठिवून कसं आणू? पोट माझंच हाय. जा, दाखवून ये. न्हायतर म्या येते संगं."

आणि त्या खरंच संगं आल्या.

सोलापूरच्या डॉक्टरीणबाई तरुण, बोलायला मोकळ्या. वीरप्पानं सवयीप्रमाणं आधी प्लॅस्टिक चढवलेलं दत्तकपत्र टेबलावर ठेवलं. बाईंनी ते शांतपणे शेवटपर्यंत वाचलं आणि विचारलं, "हे आतड्याला दाखवलंत का?" अव्वांना हे बरोबर ऐकू आलं. खुर्चीत बसून त्या इतक्या हसल्या की नर्स डोकावून गेली.

मग बाईंनी धंदा विचारला. पेंडीचा, म्हटल्यावर म्हणाल्या, "गोदामात उंदीर आहेत का?"

वीरप्पाला वाटलं उंदरांमुळं झालं की काय. "लई हायेत," तो दबकत म्हणाला.

"मग ऐका. आतड्याचं अस्तर रोज झिजतं आणि रोज नवं होतं. तुमच्या पोत्यांसारखं समजा, रोज थोडी फाटतात, रोज शिवली जातात. शिवताना टाका चुकतो. तो चुकलेला टाका पकडायला शरीरात तपासनीस असतात. आईकडून एक, वडलांकडून एक. तुमच्या बहिणीचा वडलांकडचा तपासनीस जन्मापासून रजेवर आहे. तुमचाही असू शकतो. तरी एकावर काम भागतं. पण तुम्ही सांगताय त्यावरून तुमच्या पोटात दहा वर्षांची सूज असावी. ती म्हणजे गोदामातले उंदीर. रोज रात्री पोती कुरतडायची, रोज सकाळी शिवायची. शिवण वाढली की चुका वाढल्या, आणि पकडणारा एकटा. तोही एक दिवस कुठंतरी गेला, की चुकलेल्या टाक्यावर टाका चढत जातो. त्याची गाठ होते."

"मग ती रजा आन हे उंदीर, दोन्ही असलं तर किती वाढतंय?" वहिनींनी विचारलं. आख्ख्या खोलीत शहाणा प्रश्न तेवढाच.

"दोन्ही मिळून नेमकं किती, हा पक्का आकडा माझ्याकडे नाही, अजून अभ्यास चालू आहे. पण रजेवरचा तपासनीस मला कामावर आणता येत नाही. उंदीर मारता येतात. आणि दरवर्षी आत जाऊन पोती बघता येतात."

वीरप्पानं आयुष्यभर उंदरांशी लढा दिलाय. पिंजरे, मांजर, भिंतीत काचा, सगळं करून झालंय. त्याचा चेहरा एकदम बदलला. "हे आधी सांगायचं की," तो म्हणाला. "उष्णता म्हणत बसलो म्या."

तपासणीसाठी पोट रिकामं करणारं औषध पाण्यात कालवून भरपूर प्यायचं असतं. बाईंनी सांगितलं होतं, आदल्या दिवशी सोलापुरात मुक्काम करा. वीरप्पाला लॉजची खाट सोसत नाही. त्यानं औषध पहाटे घरीच घेतलं आणि भाड्याच्या जीपमध्ये बसला. येरमाळा ते सोलापूर हा रस्ता मी आयुष्यात शेकडो वेळा केलाय, पण त्या दिवशी पहिल्यांदा कळलं की या रस्त्यावर किती हॉटेलं आहेत आणि प्रत्येकाचा संडास कोणत्या बाजूला आहे. धाराशिवच्या अलीकडं तर जीप उभी राहायच्या आत वीरप्पा उतरला होता. तुळजापूरच्या घाटात अव्वा म्हणाल्या, "थांबव रं, पोरगं हिरवं पडलंय." ड्रायव्हर म्हणाला, "आज्जी, इथं थांबायला जागा न्हाय." अव्वा म्हणाल्या, "मग तू तुझी टोपी काढून ठिव." त्यानं जागा काढली.

दुर्बिणीत अस्तरावर उगवलेले मांसाचे दोन कोंब निघाले. बाईंनी तिथल्या तिथं तारेनं काढले. एक साधा होता. दुसरा वाट बदलायला लागला होता, कॅन्सर झाला नव्हता. वर्ष-दोन वर्षं अशीच गेली असती तर काय, हे बाईंनी सांगितलं नाही आणि कुणी विचारलं नाही. अस्तरावर जागोजागी लाल सूज होती, तिची औषधं सुरू झाली. महिन्याभरानं रक्ताचा निकाल आला. तपासनीस रजेवर होता. बापाकडूनच, बेंबळीच्या काकांकडून. शिवप्रियालाही तपासावं लागणार. तिनं लातूरहून फोनवर सांगितलं, "बाबा, मी येते, पण औषध सोलापुरात जाऊनच पिणार."

त्याच फोनवर तिनं बाईंना फोन करून विचारलेलं दुसरंही सांगितलं, की महांतप्पा आजोबांच्या साखरेचा बाबांच्या रक्ताशी संबंध नाही, गोड खाल्लं तर चालतं. वहिनींनी त्या रविवारी पुरण घातलं. वीरप्पानं ताट समोर ओढलं, पोळीकडं बराच वेळ बघितलं आणि परत सारलं.

"आता काय?" वहिनी म्हणाल्या.

"वडलांचं पथ्य हाय ते," तो म्हणाला. "रक्तासाठी कुठं पाळत हुतो."

हल्ली तो दुकान सोडून मागं पळत नाही. गोळ्या वेळेवर घेतो. उमादेवी आणि तो तपासणीला एकाच दिवशी जातात, ती ढोकीहून येते, आणि सोलापुरात दोघं एकाच बाकावर बसून औषध पितात. परवा संध्याकाळी वीरप्पाची आणि माझी दुकानं बंद करायची वेळ होती. मी त्याला म्हणालो, वीरप्पा, लेका, तुझ्या अंगात इतक्या घरांचं सामान निघालं, एकदा नीट लावून घे, कुणाचं काय हाय ते.

त्यानं शटर अर्ध्यावर आणलं, कुलूप हातात घेतलं आणि म्हणाला, "पोट बेंबळीचं हाय. पथ्य वडलांचं. डोकेदुखी तेवढी शेजारच्या दुकानातनं आलीय, आन बाईंना विचारलं, तिच्यावर दुर्बीण न्हाय म्हणाल्या."